ल्युपसचा खर्च : मदत कुठून मिळते आणि कोणत्या कागदावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका भावाने बहिणीसाठी विचारलं आहे. बहीण २८ वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालंय. तीन वर्षांपासून ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. आता लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत आणि डॉक्टर किडनीची बायोप्सी करू म्हणतात. औषधं, तपासण्या, येणं-जाणं मिळून महिन्याला आठ-नऊ हजार जातात. मेहुणे एका कारखान्यात कामाला, पगार अठरा-एकोणीस हजार. रेशन कार्ड केशरी. ‘ल्युपससाठी सरकारची एखादी योजना आहे का?’

ल्युपस या नावाची योजना नाही. दुर्मीळ आजारांसाठीचं २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे, पण त्यातही हा आजार बसत नाही. इथपर्यंत चौकशी करून बरीच घरं थांबतात, आणि तिथेच चुकतं. कारण मदतीची सगळी यंत्रणा अवयवांच्या आणि उपचारांच्या भाषेत चालते: डायलिसिस, बायोप्सी, खुब्याचा सांधा, पक्षाघाताचा झटका, अंधत्व, निराधार स्त्री. ल्युपसने शरीरात आणि संसारात जे बिघडवलंय, त्याच्या नावाने दार ठोठावलं की दारं उघडतात. म्हणून ‘ल्युपससाठी काय मिळेल’ हा प्रश्न सोडा आणि ‘या पुढच्या उपचारासाठी काय मिळेल’ असं प्रत्येक वेळी नव्याने विचारा.

सुरुवातीला खर्चाचे दोन ढीग करा. एक चालू खर्च: गोळ्या, रक्त-लघवी, डोळ्यांची तपासणी, प्रवास. दुसरा मोठा खर्च: ॲडमिशन, बायोप्सी, सलाइनमधून दिली जाणारी औषधं, पुढे वेळ आलीच तर डायलिसिस किंवा शस्त्रक्रिया. जवळपास सगळ्या सरकारी योजना दुसऱ्या ढिगासाठी आहेत. ल्युपसच्या घराला मात्र रोज पोखरतो तो पहिला ढीग. तुमच्या बाबतीत त्या पहिल्या ढिगावर एक उत्तर आहे आणि ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तिथूनच सुरू करतो.

मेहुण्यांची पगारपावती बघा

पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल आणि कारखान्याला राज्य कामगार विम्याचा कायदा लागू असेल, तर मेहुणे राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असायला हवेत. पावतीवर ‘ईएसआय’ असं लिहून पगाराच्या ०.७५ टक्के कापलेले दिसतील. अठरा हजारांवर ते १३५ रुपये होतात, मालक वरून ३.२५ टक्के भरतो. या १३५ रुपयांत बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांना दवाखाना, तज्ज्ञ, तपासण्या, ॲडमिशन आणि रोजची औषधं मिळतात. जुना आजार आहे म्हणून कोणी अडवत नाही. बाह्यरुग्ण विभागाची औषधं देणारी, म्हणजे पहिला ढीग उचलणारी, तुमच्या आवाक्यातली हीच एक योजना आहे.

अडतं कुठे? नव्या नवरीचं नाव कुटुंबाच्या यादीत घातलेलंच नसतं. लग्नानंतर ते आपोआप चढत नाही. कंपनीच्या एचआरकडे किंवा ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधार, फोटो आणि लग्नाचा पुरावा देऊन नाव चढवून घ्या आणि ई-पहचान कार्डाची नवी प्रत हातात घ्या. कापलेली रक्कम प्रत्यक्ष भरली जाते का, हेही ईएसआयसीच्या संकेतस्थळावर मेहुण्यांच्या विमा क्रमांकाने बघता येतं. पावतीवर कपात आणि खात्यावर शून्य, असं लहान कारखान्यांत घडतं.

नंतर दवाखान्यातून तज्ज्ञाकडे रेफरल घ्यायचा. तुमच्या भागाला कोल्हापूरचं ईएसआयसी रुग्णालय जवळ पडेल. तिथे जी सोय नाही तिच्यासाठी करार असलेल्या खासगी रुग्णालयात कॅशलेस पाठवतात. क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. आधी रेफरल, मग उपचार. स्वतःहून खासगीत जाऊन नंतर बिल परत मागितलं, तर तातडीची वेळ सिद्ध करत बसावं लागतं आणि रक्कम मंजूर होते तीही ठरलेल्या दरांपुरती. मोठ्या, सुपर स्पेशालिटी उपचारांसाठी किती काळ वर्गणी भरलेली हवी याची अट असते, तेव्हा बायोप्सीची तारीख घेण्याआधी शाखा कार्यालयात ते विचारून घ्या.

पगारवाढ होऊन २१,००० ची रेषा ओलांडली तर घाबरू नका. वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मधेच रेषा ओलांडली तरी तो कालखंड संपेपर्यंत कपात आणि लाभ दोन्ही चालू राहतात. पुढच्या सोयीची तजवीज त्या महिन्यांत करायची.

बहीण स्वतः नोकरी करत असती आणि तिचा विमा असता, तर आजारपणाचा भत्ताही मिळाला असता: पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मात्र आधीच्या सहा महिन्यांच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. ठरावीक दीर्घ आजारांना ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित भत्ता आहे. त्या यादीत दीर्घकालीन मूत्रपिंड निकामी होणं आहे. पुन्हा तेच: यादीत किडनी आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या दाखल्यावर किडनी लिहिलेली असली पाहिजे.

कागदावर निदान कसं लिहिलंय

बऱ्याच केस पेपरवर तीनच अक्षरं असतात: एसएलई, म्हणजे ल्युपसच्या वैद्यकीय नावाची आद्याक्षरं. डॉक्टरांना ती पुरतात, योजनेच्या टेबलावर पुरत नाहीत. डॉक्टरांना विनंती करा की लेटरहेडवर पूर्ण निदान लिहून द्या: ल्युपस, त्यामुळे किडनीला झालेला आजार, बायोप्सी झाल्यावर तिचा वर्ग, लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सध्याची औषधं, पुढे ठरवलेला उपचार, किती डोस, अंदाजे खर्च आणि तो किती काळात करायला हवा. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. यात काही वाढवून लिहायला सांगायचं नाही. जे खरंच आहे ते पूर्ण लिहून घ्यायचं, एवढंच. अंदाजपत्रक तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर बहुतेक ठिकाणी नवं मागतात.

बरोबर एक फाइल हवी. त्यात आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, बायोप्सी आणि महत्त्वाचे रिपोर्ट, जुनी डिस्चार्ज कार्डं. उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’ किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. तो त्या आर्थिक वर्षापुरता चालतो, त्यामुळे दर एप्रिल-मेमध्ये नवा काढून ठेवा. ॲडमिशन झाल्यावर तलाठ्याच्या मागे धावणं म्हणजे आठवडा गेला.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावांवर. आधारवर सासरचं नाव, रिपोर्टवर माहेरचं, रेशन कार्डावर नावच नाही. ल्युपस ऐन विशी-तिशीतल्या बायकांना गाठतो, म्हणजे नेमका नावं बदलण्याचा काळ. यात दोनच मार्ग आहेत. एक तर माहेरच्या कार्डातून नाव कमी करून सासरच्या कार्डात चढवा, त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत विवाह नोंदणी दाखल्यासह अर्ज द्या. नाही तर ते होईपर्यंत माहेरच्या कार्डावर नाव शाबूत ठेवा आणि आधारवरचं नाव त्याच्याशी जुळतं राहू द्या. कमी केलंय पण चढवलं नाही, अशी मधली अवस्था सगळ्यात वाईट, कारण त्या काळात ती कुठल्याच कार्डावर नसते.

महात्मा फुले योजना

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. किडनी प्रत्यारोपणासाठी ४.५ लाखांची मर्यादा. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असा भेद उरलेला नाही, सगळ्या रेशन कार्डधारकांना ती लागू आहे. जुन्या माहितीवर बसून ‘आमचं कार्ड बसत नाही’ म्हणणारे अजूनही भेटतात.

ही योजना ॲडमिशनची आहे आणि पॅकेजवर चालते. ओपीडीची चिठ्ठी घेऊन गेलात तर काही मिळणार नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयात दर्शनी भागात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. तिथे रेशन कार्ड आणि ओळखपत्र दाखवून नोंदणी होते, मग रुग्णालय रिपोर्ट जोडून पूर्वपरवानगी मागतं, ती आली की उपचार. म्हणूनच बायोप्सी आणि तिच्या पाठोपाठचा पहिला उपचार हे तुमच्यासाठी या योजनेत बसवण्याजोगं काम आहे, कारण त्यासाठी ॲडमिशन लागतंच. आरोग्यमित्राला फक्त ‘ल्युपस’ शोधायला सांगू नका. ऱ्हुमॅटॉलॉजी (सांधे आणि ल्युपससारखे आजार) आणि नेफ्रॉलॉजी (किडनी) अशा दोन्ही विभागांची पॅकेजं बघायला सांगा. एका विभागात न बसलेलं दुसऱ्या विभागात बसतं. त्या रुग्णालयाला तो विभागच मंजूर नसेल, तर जवळचं कोणतं रुग्णालय त्या विभागासाठी मंजूर आहे हे त्याच्याकडून लिहून घ्या किंवा १५५३८८ वर विचारा.

पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधं, जेवण आणि डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांची औषधं धरलेली असतात. परवानगी मिळाल्यावर ‘एवढं इंजेक्शन बाहेरून आणा’ किंवा ‘अनामत भरा’ असं कोणी म्हणालं, तर ते नियमात नाही. पावती मागा, लगेच आरोग्यमित्राला सांगा. बिनपावतीचे पैसे नंतर कोणीच परत मिळवून देऊ शकत नाही. आणि परवानगी येण्याआधी खासगी बिलावर ॲडमिशन घेतलं, तर मधेच योजनेत ‘बदलून’ घेणं फार कठीण जातं. तातडीच्या वेळी फोनवरून परवानगी घेण्याची सोय आहे, ती वापरायला रुग्णालयाला सांगा.

गोव्यात हीच जागा दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना घेते: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख, आणि किमान पाच वर्षं गोव्यात राहिल्याची अट.

धर्मादाय रुग्णालयं

‘ट्रस्टचं रुग्णालय’ म्हणजे फुकट असं नाही, पण त्यातला हक्काचा भाग फार कमी लोक मागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या बिलाचे २ टक्के एका वेगळ्या निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल.

तुमच्या मेहुण्यांचा पगार वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास जातो, म्हणजे तुम्ही दुर्बल घटकात. ५० टक्के सवलत मागायची. औषधं आणि साहित्य छापील किमतीने नव्हे, रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायचं असतं, बिल तपासताना हे आवर्जून बघा. ल्युपसमध्ये औषधाचाच वाटा मोठा असल्याने फरक तिथेच पडतो.

हे मागायचं रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे, म्हणजे रुग्णांना अशा मदतीसाठी नेमलेल्या कर्मचाऱ्याकडे. बिलिंगच्या खिडकीवर मागाल तर ‘कोटा भरलाय’ हे उत्तर येतं. किती खाटा रिकाम्या आहेत याची माहिती धर्मादाय आयुक्तालयाने ऑनलाइन ठेवायला लावली आहे, तिचा स्क्रीनशॉट हातात असला की बोलणं वेगळं होतं. अर्ज ॲडमिशनच्या दिवशी द्या, डिस्चार्जच्या दिवशी नको. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणं या रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

निधी आणि ट्रस्ट

मुख्यमंत्री सहायता निधीचं नाव सगळे घेतात, म्हणून स्पष्ट सांगतो: उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार आहे, त्यामुळे सध्या तुम्ही बसत नाही. बसणाऱ्यांसाठी: निधी ठरावीक आजारांच्या यादीवर चालतो. यादीत ल्युपस नाही, पण डायलिसिस, किडनी प्रत्यारोपण, मेंदूचे आजार, हृदयाचे आजार आणि खुब्याच्या सांध्याचं रोपण आहे. शेवटचं लक्षात ठेवा. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्या ल्युपस रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून हाड खचतं आणि तिशीतच सांधा बदलायची वेळ येते. रुग्ण दाखल असताना अर्ज करायचा, रुग्णाचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो जोडायचा. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, बिल भरून झाल्यावर परतावा मिळत नाही, आणि मिळतो तो बिलाचा एक भाग. ज्या उपचारांना महात्मा फुले किंवा धर्मादाय योजना लागू होते त्यासाठी आधी तिकडेच पाठवतात.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी खासदारांच्या पत्रासह अर्ज जातो. मूळ वैद्यकीय दाखला, अंदाजपत्रक, उत्पन्न आणि रहिवासाचे पुरावे, फोटो. हाही परतावा देत नाही, आणि सरकारी किंवा निधीच्या यादीतल्या रुग्णालयासाठीच मिळतो. खासदाराच्या कार्यालयात ओळख लागते हा समज खोटा आहे. पूर्ण फाइल असली की पत्र मिळतं.

खासगी ट्रस्टमध्ये मुंबईचं श्री सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा ट्रस्ट्स यांची वैयक्तिक वैद्यकीय मदत बऱ्याच जणांना माहीत असते. दोन्हीकडे अर्जाचं वजन रुग्णालयाच्या कागदांवर ठरतं, त्यामुळे पुन्हा वैद्यकीय समाजसेवकाकडेच जायचं. त्याच्याकडे स्थानिक ट्रस्टची यादी असते आणि कोण कोणत्या महिन्यात पैसे देतं, कोणाचा निधी संपलाय, हेही त्यालाच ठाऊक असतं. एकाच बिलासाठी पाच ठिकाणी अर्ज करायला हरकत नाही, पण कुठून किती आले हे प्रत्येकाला खरं सांगा. लपवलं आणि कळलं, तर सगळीकडचं थांबतं.

उपचारासाठी ऑनलाइन लोकवर्गणी गोळा करण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ठरलेल्या रकमेच्या, ठरलेल्या मुदतीच्या उपचाराला ती चालते. ‘आयुष्यभर औषधं लागतील’ याला लोक एकदाच पैसे देतात आणि घर पुन्हा तिथेच येतं. शिवाय रुग्णाचा फोटो आणि आजार कायमचा सगळ्यांसमोर राहतो. नव्या संसारातल्या बाईसाठी ती किंमत मोजायची का, हे तिला विचारा, तिच्या वतीने ठरवू नका.

चालू खर्च कमी करणं

ईएसआय सुरू होईपर्यंत किंवा ती नसेल तर हाच खरा आधार. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट. मग जनऔषधी केंद्रात दर विचारा. ब्रँडच्या निम्म्याहून कमी दर सहज निघतो. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचं केंद्र आणि औषध शोधता येतं. साठा नसतो ही तिथली नेहमीची अडचण आहे, म्हणून गोळ्या संपायच्या पंधरा दिवस आधी मागणी सांगून ठेवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मार्च २०२० मध्ये एच-१ यादीत (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या) गेलं, त्यामुळे चिठ्ठी दाखवावीच लागते.

तपासण्यांत पैसे वाचवायला जागा आहे. एएनए ही निदानाची रक्ततपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की दर वेळी पुन्हा करण्यात अर्थ नसतो, आजाराची चढ-उतार ती सांगत नाही. लघवीची प्रथिनं, क्रिएटिनिन, रक्तपेशी यांची गरज वारंवार पडते. सी३, सी४ आणि डीएस-डीएनए या रक्ततपासण्या कधी हव्यात हे डॉक्टर ठरवतील. दर वेळी चोवीस तासांची लघवी गोळा करण्याऐवजी एका नमुन्यावरचं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर चालेल का, हे विचारा. ‘संपूर्ण ल्युपस पॅकेज’ नावाच्या लॅबच्या जाहिरातींपासून लांब राहा.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर आणि तपासण्या मोफत आहेत. साध्या रक्त-लघवी तपासण्या तिथे करून रिपोर्ट तज्ज्ञांना दाखवता येतात. वैद्यकीय महाविद्यालयं आणि महापालिका रुग्णालयं वेगळ्या विभागांकडे आहेत, तिथे माफक शुल्क लागतं. मुंबईत केईएमला ऱ्हुमॅटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. वर्षातून दोनदा तिथे दाखवून मधल्या तपासण्या घराजवळ करणं, ही रचना खर्चाला परवडते.

उपचार निवडताना डॉक्टरांशी पैशाबद्दल उघड बोला. किडनीच्या ल्युपससाठी सायक्लोफॉस्फामाइडची कमी मात्रेची पद्धत आहे, दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅम, असे सहा डोस. हे औषध स्वस्त आहे, मायकोफेनोलेटच्या महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्यांच्या तुलनेत खर्चाचा हिशेब पार बदलतो. ते तिला चालेल का, मूल होण्याचा विचार आहे का, हे वैद्यकीय प्रश्न आहेत. पण घरची परिस्थिती कळली नाही तर डॉक्टर हा पर्याय मांडणारही नाहीत. रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन सांगितलं असेल तर भारतीय बनावटीचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, चालेल का, तेही विचारा.

जिथे वाचवायचं नाही अशी दोन ठिकाणं आहेत. पैसे संपले म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं विसरलेलं असतं. आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सोडलं, तर आजार उसळून जी ॲडमिशन होते तिच्या खर्चात त्या गोळ्या कित्येक वर्षं आल्या असत्या. त्याची मात्रा वजनाला रोज किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको. डोळ्यांचा पडदा पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचा असतो, किडनी बिघडलेली असेल तर आधीपासूनच. तो सरकारी नेत्रविभागात तपासून होतो.

विमा

आजाराचं निदान झाल्यावर स्वतंत्र आरोग्य विमा घेणं कठीण जातं, पण अर्जात ल्युपस लपवून घेतलेली पॉलिसी ही पॉलिसीच नव्हे. जुन्या चिठ्ठीवरून ते उघड होतं आणि दावा गेला की हप्तेही गेले. सांगून पॉलिसी मिळाली तर आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुनी माहिती दिली नव्हती या कारणाने कंपनी दावा नाकारू शकत नाही. कंपनीची सामूहिक पॉलिसी मिळणार असेल तर ती कधीही सोडू नका, तीत बहुधा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय मागा.

पॉलिसी असेल आणि रिटुक्सिमॅबसारखं इंजेक्शन एका दिवसात देऊन घरी सोडणार असतील, तर ‘२४ तास ॲडमिशन नाही’ म्हणून दावा सोडून देऊ नका. विमा नियामक इर्डाने २०१९ मध्ये ठरवलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची, म्हणजे रिटुक्सिमॅबच्या प्रकारातली, इंजेक्शनं आहेत. काही पॉलिसींत त्याला रकमेची मर्यादा असते, ती आधी वाचा. ॲडमिशनच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतली औषधं-तपासण्यांची बिलंही दाव्यात धरतात. लोक ती फेकून देतात.

इतर हक्क

दिव्यांग प्रमाणपत्र फक्त ल्युपसवर मिळत नाही. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो नाही, किडनी निकामी होणंही नाही. मात्र खुबा खचून चालणं अडलं, झटक्याने हात-पाय गेले, नजर गेली, तर त्या व्यंगावर ४० टक्क्यांच्या पुढे प्रमाणपत्र मिळू शकतं. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर, तपासणी जिल्हा रुग्णालयात.

संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० इतकी कमी आहे. दुर्धर आजारांत ल्युपसचं नाव नाही. तरी हे लिहितोय कारण आजार कळल्यावर सासरने पाठवून दिलेल्या बायका या प्रश्नामागे पुष्कळ असतात. घटस्फोटित पण पोटगी न मिळणारी, घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेली, अशा स्त्रीला त्या कारणाने ही योजना लागू होते. तहसील कार्यालयात अर्ज करताना आजार बाजूला ठेवून ते कारण पुढे करा. बाकी संसार सुरळीत असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपयेही औषधांकडे वळवता येतात. कुटुंबात चारचाकी नसावी यासारख्या तिच्या इतर अटी बघून घ्या.

प्रवासात एसटीचं अर्धं तिकीट सगळ्याच महिलांना आहे. डायलिसिसच्या रुग्णांना साध्या एसटीत पूर्ण सवलत आणि रेल्वेत किडनी रुग्ण म्हणून उपचारासाठी सवलत मिळते, रेल्वेत सोबतच्या माणसालाही. रेल्वेचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

आयकर भरणाऱ्यांसाठी एवढंच: १९६१ च्या कायद्यातलं कलम ८० डीडीबी, म्हणजे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट, ल्युपसला लागू नाही, दीर्घकालीन मूत्रपिंड निकामी असल्यास लागू होतं, ४०,००० पर्यंत, ज्येष्ठ नागरिकाला १ लाखापर्यंत. नवी करप्रणाली निवडली तर ही वजावट मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे विवरण भरताना सल्लागाराकडून नवा क्रमांक घ्या.

नकार मिळाला तर

कोणत्याही टेबलावर ‘होत नाही’ ऐकलंत तर कारण लेखी मागा. कित्येकदा लिहायची वेळ आली की कारणच बदलतं. महात्मा फुले योजनेबद्दल तक्रार १५५३८८ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. जिल्ह्यात योजनेचा जिल्हा समन्वयक असतो, लेखी प्रत त्याच्याकडे द्या. धर्मादाय रुग्णालयाविरुद्ध त्या विभागाच्या धर्मादाय सह आयुक्तांकडे अर्ज करा, सोबत उत्पन्नाचा दाखला आणि सवलत मागितल्याच्या अर्जाची पोच जोडा. पोच नसेल तर तुम्ही मागितलंच नव्हतं असं धरतात. ईएसआयबद्दल आधी शाखा कार्यालय, मग प्रादेशिक कार्यालय. विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, एक वर्षाच्या आत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. आणि यातल्या कोणत्याही कामासाठी ‘मंजूर करून देतो’ म्हणून टक्केवारी मागणारा माणूस रुग्णालयाच्या आवारात भेटलाच, तर त्याला मूळ कागद हातात देऊ नका. हे सगळे अर्ज फुकट आहेत आणि ते भरायला मदत करणं वैद्यकीय समाजसेवकाचं आणि आरोग्यमित्राचं कामच आहे.